तुम्ही आता निवडलेले नाही

मार्च उलटला की भाईंदरच्या जेसल पार्कच्या मागून, खाडीकडून, एक गरम खारट वारा सुरू होतो. दुपारी खिडक्या लावून घ्याव्या लागतात. गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवलं तर पांढरट पूड हाताला लागते. मिठागरांत मीठ ओढून ढीग घालायचे हेच दिवस. बिल्डिंगमधल्या मुलांच्या परीक्षा चालू असतात, त्यामुळे जिन्यात कुणी पळत नाही, आणि तळमजल्यावरच्या विल्सनच्या घरातून संध्याकाळी पेटीवर ईस्टरआधीच्या उपासकाळातली संथ गाणी ऐकू येतात. या वर्षीही ती सुरू झाली आहेत. काल झावळ्यांचा रविवार झाला. त्यांच्याकडच्या मुलांनी झावळीच्या पात्यांचे छोटे क्रूस विणून प्रत्येक मजल्यावर वाटले. माझ्या दारापाशी त्यांच्यातली एक मुलगी थबकली, द्यावा की नाही या विचारात. शेवटी मीच हात पुढे केला.

हे दिवस आले की मला लाज वाटायला लागते. संकोच, अवघडलेपण असे सौम्य शब्द लावून पाहिले. बसत नाहीत. लाजच.

आमचं आडनाव आवासकर. या एका आडनावावर माझं आयुष्य बिनबोभाट गेलं. ऐकणाऱ्याला वाटतं, अलिबागकडचे कुणीतरी. ते खरंच आहे. आम्ही बेने इस्राएल. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे यहूदी, म्हणून गावाने आम्हाला शनवार तेली म्हटलं. माझं नाव लीआ. विमा कंपनीतल्या माणसांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं लीला करून टाकलं आणि मीही ते दुरुस्त केलं नाही. बाबांनी ठाण्याची खोली विकून इथे फ्लॅट घेतला तेव्हा आजूबाजूला निम्मी चिखलाची जमीन होती. आई, बाबा आणि आत्या याच घरात गेले. भाऊ बायकामुलांसह इस्राएलला, अश्दोदला गेला. मी राहिले. आमच्या घरी वल्हांडणाच्या सणाला तांदळाच्या भाकरी व्हायच्या, आंबट रसाचं मडकं आठवडाभर झाकून ठेवायचे, आणि बाबा हिब्रू प्रार्थना मराठी चालीवर म्हणायचे, शेवटी आम्ही आमेन म्हणायचो. बाबा गेल्यावर मी हळूहळू सगळं सोडून दिलं. सोडलं असंही नाही, विसरत गेले.

दाराच्या चौकटीवर बाबांनी लावलेली एक बोटभर लांबीची तिरकी पितळी डबी मात्र तशीच राहिली. तिच्यात शास्त्रातल्या ओळी लिहिलेली गुंडाळी असते. आम्ही तिला मेझुझा म्हणतो. शेजाऱ्यांना ती बंद पडलेली बेल वाटायची.

ती ओळखली विल्सनने. दोन-तीन वर्षांपूर्वी, असाच उपासकाळ लागला होता. त्याचं एक पार्सल चुकून माझ्याकडे आलं, ते घ्यायला तो वर आला. चाळिशी ओलांडलेला, अंधेरीच्या कुठल्याशा कंपनीत हिशेब बघणारा, मूळचा नगरकडचा ख्रिस्ती माणूस. शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या घरी प्रार्थना व्हायची, नवघर रोडवरून, भाईंदर गावातून माणसं यायची. पार्सल हातात घेता घेता त्याचं लक्ष त्या डबीकडे गेलं. त्याने चपला काढल्या.

"ताई, तुम्ही लोक इस्राएली आहात?"

मी हो म्हटलं. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. माझे हात मसाल्याचे होते, मला त्याला उठवताही येईना. देवाची निवडलेली प्रजा आपल्या डोक्यावर दोन मजले राहतेय आणि आपल्याला पत्ताच नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्या दुपारी मी कोळंबीचं कालवण जेवले होते. आमच्या धर्मात कोळंबी चालत नाही.

पुढच्या शुक्रवारी त्याने मला खाली बोलावलं. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या, माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि भिंतीशी एक खुर्ची होती, तिच्यावर भरतकामाचं कापड. ती माझी. विल्सनने सगळ्यांना सांगितलं, जगातल्या सगळ्या राष्ट्रांतून देवाने ज्यांना आपलं म्हटलं, अब्राहामाला दिलेला शब्द ज्यांच्यासाठी आजही चालू आहे, त्यांच्यातली एक ताई आज आपल्यात आहे. मला हिब्रूत काहीतरी म्हणायला सांगितलं. मला एकच ओळ येते, लहानपणी झोपताना बाबा म्हणायला लावायचे ती, देव एक आहे अशी. ती म्हटली. दोन-तीन बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एका तरुण आईने आपलं बाळ माझ्यासमोर धरलं. डोक्यावर हात ठेवा म्हणाली. ठेवला.

त्या वेळी माझ्या समोरच्या फ्लॅटमधली सुनीता आतल्या खोलीतून बाहेर आली. ती सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे. हिंगोलीकडचं बौद्ध कुटुंब, आमची उठबस बरीच जुनी. विल्सनचे सासरे मांडीचं हाड मोडून गावाहून इथे उपचारांना आले होते आणि त्यांच्या पाठीला झालेल्या जखमेचं ड्रेसिंग बदलायला ती रोज यायची. बाहेर पडायला वाट नव्हती म्हणून ती दाराजवळ सतरंजीच्या कडेला टेकली. तिने माझ्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आणि नजर पायाच्या नखांकडे वळवली.

जिना चढताना मला पहिल्यांदा लाज वाटली, कारण चढताना मला बरं वाटत होतं. आयुष्यात कुणी मला अशी खुर्ची दिली नव्हती.

दोन दिवसांनी वॉचमनने विचारलं, "मॅडम, वो नीचेवाले आपके पैर क्यूँ छूते हैं?" मी म्हटलं, गलतफहमी है.

मग पाळकसाहेबांचा निरोप आला. विल्सनच्या सासऱ्यांना सगळे पाळकसाहेब म्हणत. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आयुष्यभर ख्रिस्ती मंडळ्यांचं काम केलेला म्हातारा, आवाज अजून देवळात बोलल्यासारखा. मी गेले तेव्हा सुनीता त्यांना कुशीवर वळवत होती. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. जावई भोळा आहे. पण तुम्ही आता निवडलेले नाही."

मला हसू आलं आणि इतकं हलकं वाटलं, की मी त्यांना म्हटलं, मला तसंच वाटत होतं.

त्यांनी समजावून सांगितलं. जुना करार ज्या लोकांशी झाला त्यांनी ख्रिस्ताला ओळखलं नाही, तेव्हा ती निवड मंडळीकडे, ख्रिस्ताला मानणाऱ्यांकडे, आली. आता मंडळी हीच देवाची प्रजा, हाच नवा इस्राएल. हे सांगताना त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल काहीही वाकडं नव्हतं. कारण पुढे आलं. त्यांच्या आजोबांना गावाच्या पांढरीत, वस्तीत, पाय ठेवायची मुभा नव्हती. जन्म ज्या घरात झाला तेवढ्यावरून. मग कुणीतरी येऊन सांगितलं, की देवापाशी जन्माचा प्रश्न येत नाही, आणि आजोबा त्या एका वाक्यासाठी ख्रिस्ती झाले. "जन्मावरची निवड देवानं मोडली म्हणून आम्ही आत आलो, बाई. तुमच्यापुरती ती परत चालू करायची, तर उद्या दुसरे कोणी म्हणतील, आमचंही जन्माचं मोठेपण धरा."

सुनीता चादर नीट करता करता होकाराची मान हलवत होती.

मला आत्या आठवली. आमच्या मूठभर लोकांतसुद्धा गोरे आणि काळे असे दोन भाग होते. ज्यांच्या पूर्वजांनी बाहेरच्या बाईशी संबंध केला असं मानलं जायचं ते काळे. त्यांच्याशी लग्न नाही, एके काळी त्यांच्या ताटाला ताट लावायचं नाही. आत्याला तशा घरातल्या एका मास्तरांची मागणी आली होती. माणूस चांगला होता, आत्याच्या मनातही होता. आमच्या आजोबांनी, "ते आपल्यातले नाहीत," एवढं म्हणून विषय संपवला. आत्या जन्मभर आमच्याकडे राहिली, या जेसल पार्कच्या घरात दुपारी याच खिडक्या लावून घ्यायची. सगळ्या जगातून निवडलेले आम्ही, आणि आमच्यातही आम्हाला कमी निवडलेले लागले. हे मी त्या खोलीत बोलले नाही.

त्यानंतर एका रविवारी चहाच्या वेळी सासरे-जावई माझ्यासमोरच भांडले. भांडले म्हणजे आवाज न चढवता. विल्सनचं म्हणणं, देव शब्द फिरवत नाही. दोन हजार वर्षं विखुरलेले लोक परत आपल्या जमिनीवर गेले, तिथे आता युद्ध पेटलंय, हे सगळं शास्त्रात लिहिल्याप्रमाणे होतंय. पाळकसाहेबांचं म्हणणं, जमीन-रक्त यांच्याशी देवाचं आता काही देणंघेणं नाही. मी दोघांच्या मध्ये बसले होते आणि दोघेही माझ्याबद्दल बोलत होते. माझ्या भावाचा आदल्या रात्री फोन आला होता. हल्ल्याचा भोंगा वाजला की ते सगळे जिन्याखालच्या खोलीत जातात. आणि बातम्यांत सीमेच्या भिंतीपलीकडची पडलेली घरं आणि कापडात गुंडाळलेली लेकरं दिसत होती. विल्सनला त्यात खूण दिसत होती. मला दिसत नव्हती.

मी विचारलं, सगळे परत गेल्यावर पुढे काय होणार?

प्रभू ख्रिस्त परत येणार, विल्सन म्हणाला.

"आणि आमचं काय?"

"तुम्ही त्याला ओळखाल, ताई."

"जे ओळखणार नाहीत त्यांचं?"

विल्सन कपबशा उचलून आत घेऊन गेला. तो वाईट माणूस नाही. त्यांचा नाश, हे उत्तर त्याला माहीत होतं आणि माझ्या तोंडावर ते देणं त्याला जमलं नाही. मला त्याचीही दया आली, आणि ती खुर्ची कशासाठी होती ते समजलं.

त्याच संध्याकाळी जिन्यात सुनीता भेटली. तिच्या हातात भाजी होती. नेहमीची बोलणी झाली, मग ती थांबून म्हणाली, "ताई, राग नका मानू. जन्मानं कुणी वरचा असतो हे कानावर पडलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं. मग ते कुणाबद्दल का असंना."

मी म्हटलं, मी कुठे म्हणतेय वरची आहे म्हणून.

"नाही म्हणत. पण बसलात ना."

ती दार उघडून आत गेली. पुढचे कितीतरी दिवस आमची दारं समोरासमोर बंद राहिली. आमच्यात असं कधी झालं नव्हतं.

मी शुक्रवारी खाली जाणं थांबवलं. पाळकसाहेबांकडे मात्र दुपारी जात राहिले. त्यांचे डोळे अधू झाले होते, छातीत कफ भरत होता आणि वाचून दाखवायला कुणी नव्हतं. विल्सन कामावर, त्यांची मुलगी, विल्सनची बायको, शाळेत शिकवायला. जावई वाचतो पण मधे मधे अर्थ सांगतो, तुम्ही नुसतं वाचा, असं ते म्हणाले. त्यांना पौलाने, जन्माने यहूदी असलेल्या ख्रिस्ताच्या शिष्याने, रोममधल्या मंडळीला लिहिलेलं पत्र हवं होतं. मी शास्त्राचा तो भाग, नवा करार, कधी उघडलाच नव्हता. बाबा त्याला त्यांचा भाग म्हणायचे. पंखा फिरत असायचा, पडद्याआडून वारा यायचा, आणि मी एका ख्रिस्ती पाळकाला पौल वाचून दाखवायचे. वाचताना मला वाटलं होतं, कुणी रागीट माणूस भेटेल. भेटला तो आपल्या लोकांसाठी रडणारा. ते तरणार असतील तर माझं वाटोळं झालं तरी चालेल, असं म्हणणारा. माझा भाऊ इस्राएलला गेला तेव्हा बाबा असंच काहीबाही बोलले होते.

मग जैतुनाच्या, ऑलिव्हच्या, झाडाचा भाग आला. त्यातल्या काही फांद्या, म्हणजे यहूदी, तोडल्या गेल्या आणि रानातली फांदी, म्हणजे बाहेरून आलेले, कलम करून तिथे लावली. पाळकसाहेब डोळे मिटून ओठांनी सोबत म्हणत होते, सगळं पाठ होतं. पण मी पुढे वाचत गेले तसे त्यांचे ओठ थांबले. नव्या फांदीने तोडलेल्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नये, कारण मुळाला ती धरून नाही, मूळ तिला धरून आहे. आणि आणखी पुढे, की त्या लोकांना देवाने दिलेलं बोलावणं तो माघारी घेत नाही.

"थांबा," ते म्हणाले. "परत वाचा."

मी परत वाचलं. मग ते सांगायला लागले. हा अध्याय त्यांना माहीत नव्हता असं नाही, शिकताना वाचला होता. पण उपदेश करताना ते तोडलेल्या फांद्यांपाशी थांबायचे. पुढचं अवघड आहे, खेड्यातल्या लोकांना कळायचं नाही, असं स्वतःला सांगायचे. गावोगाव त्यांनी यहूद्यांना एकच नाव दिलं होतं, देवानं टाकलेले लोक. "ऐकायला तिथं तुमच्यातलं कोणी नव्हतं, म्हणून सोपं गेलं. टाकलेले. बाई, आमच्या आज्याला गाव हाच शब्द लावायचं."

त्यांनी उशाशी असलेला पंचा तोंडावर ओढून घेतला. म्हाताऱ्या माणसाला लाजताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मी त्यांना, असू द्या, म्हणू शकले असते. म्हटलं नाही. पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला.

मग पंच्याआडूनच म्हणाले, "म्हणजे तुम्ही आहात. अजून. पण ते तुमच्या पुण्याईनं नाही, हे ध्यानात ठेवा."

मी कोळंबीचं सांगितलं. ते खोकेपर्यंत हसले.

गुड फ्रायडेला विल्सनच्या हॉलमध्ये दुपारची उपासना होती. पाळकसाहेबांनी हट्टाने स्वतःला चाकाच्या खुर्चीवर बसवून घेतलं आणि मला बोलावणं पाठवलं. गेले, दाराजवळ सतरंजीवर बसले. त्यांना ख्रिस्ताने क्रुसावरून उच्चारलेल्या एका वचनावर बोलायचं होतं, क्षमेच्या. ते त्यावर थोडंच बोलले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, की या दिवशी मी वर्षानुवर्षं एका लोकसमूहाबद्दल खोटं शिकवलं. त्यांना देवानं टाकलेलं नाही. जावयाकडे बघून असंही म्हणाले, की त्यांना खुर्चीवर बसवून शेवटच्या काळाची खूण करू नका, ती माणसं आहेत, ही बाई मला दुपारी वाचून दाखवते. आणि त्यांनी माझ्याकडे वळून हात जोडले.

तेव्हाची लाज अजून गेलेली नाही. ज्याच्या आजोबांना गावाने आत घेतलं नव्हतं, तो माणूस माझ्यापुढे हात जोडून बसला होता, आणि मी त्या घरातली, जिथे एका चांगल्या मास्तराला, आपल्यातला नाही, म्हणून परत पाठवलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. विल्सनची मान खाली होती. मी उठून त्यांचे हात धरून खाली केले. तेवढंच सुचलं.

वर आल्यावर मी सुनीताचं दार वाजवलं. ती रात्रपाळी करून झोपून उठलेली, केस मोकळे. मी तिला खाली काय झालं ते सांगितलं आणि आत्याचंही सांगितलं, गोऱ्या-काळ्यांचं सगळं. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती काहीतरी समजुतीचं बोलेल. ती म्हणाली, "त्या मास्तरांचं पुढं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. आमच्या घरात कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"विचारायला पायजे होतं," सुनीता म्हणाली. मग उठून चहा ठेवला. दोन कप.

ईस्टरनंतर पाळकसाहेब झपाट्याने उतरले. हॉस्पिटलात जायला त्यांनी नकार दिला. सुनीता सकाळ-संध्याकाळ येऊन जायची. तिने मला डोळ्यांनीच सांगितलं, की आता फार दिवस नाहीत. वाचन बंद झालं होतं, ऐकायचाही त्यांना थकवा यायचा. एका दुपारी मी नुसती बसले होते. बाहेर ऊन पांढरंफटक पडलं होतं. सुनीता ड्रेसिंगचं सामान आवरत होती. त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्यासाठी प्रार्थना करू का?"

मी करा म्हटलं. त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला, सुनीताने तो धरून माझ्या डोक्यावर ठेवला. हात तापलेला आणि अगदी हलका होता. त्यांनी अब्राहामाच्या, इसहाकाच्या, याकोबाच्या देवाला हाक मारली. माझ्या भावाच्या घराचं नाव घेतलं, सीमेच्या भिंतीपलीकडच्या घरांचंही घेतलं. माझ्या आत्यासाठी मागितलं, तिच्याबद्दल मी त्यांना कधीतरी सांगून ठेवलं होतं. सुनीतासाठी मागितलं नाही. तिला ते आवडलं नसतं हे त्यांना ठाऊक होतं, तिचे फक्त आभार मानले. आणि शेवटाला आल्यावर ते थांबले. ख्रिस्ती माणसाची प्रार्थना ज्या नावाने संपते ते ख्रिस्ताचं नाव त्यांनी घेतलं नाही. आयुष्यभर ज्या नावाखेरीज त्यांनी एकही प्रार्थना संपवली नसेल ते नाव, मी समोर आहे म्हणून, त्यांनी तोंडातच धरलं. ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता.

मरणाच्या दारातला माणूस माझ्यासाठी आपलं तोंड रिकामं ठेवतोय, हे मला बघवेना.

"घ्या ना नाव, पाळकसाहेब," मी म्हटलं. "तुमचं आहे ते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खरंच का म्हणून. मग अगदी हळू, लहान मुलाने परवानगी मिळाल्यावर बोलावं तसं, ते नाव घेतलं. आणि मी आमेन म्हटलं. बाबांनंतर पहिल्यांदाच, आणि मनापासून.